आधी संवाद, मग गिटार : झाडीपट्टीच्या मंचावरचा अ‍ॅम्प, इफेक्ट्स लूप आणि आवाजाची पातळी

धानाची कापणी उरकली की गोंदिया-भंडाऱ्याकडे नाटकांचा हंगाम लागतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि त्याच रात्री गावात नाटक ठरलेले असते. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक कंपन्यांचे माहेर. तिथून त्या गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत होळीपर्यंत फिरतात. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेली साकोली, तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी या तालुक्यांतली गावे याच झाडीपट्टीतली. झाडीपट्टीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्रालाही या रंगभूमीकडे मान वळवून पाहावे लागले. नाटक रात्री उशिरा उभे राहते ते पहाटेपर्यंत चालते. मध्ये गाणी, लावण्या, विनोदी प्रवेश असतात आणि वादक मंचापाशी बसून सगळे प्रत्यक्ष वाजवतात. की-बोर्ड, ऑक्टोपॅड, तबला-ढोलकी हा या संचाचा कणा. ज्या संचात गिटार येते तिथे एक जुना प्रश्न तिच्यासोबत येतो: अ‍ॅम्प किती वाजवायचा आणि इफेक्ट कुठे जोडायचे?

या प्रश्नावर जगभर जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक रॉक मैफलीचा मंच डोळ्यांपुढे ठेवून. तिथे गिटार हीच मानकरी असते. झाडीपट्टीत मानकरी आहे संवाद. आईने मुलाला निरोप देताना हळू आवाजात म्हटलेले वाक्य कनातीजवळच्या शेवटच्या रांगेत पोचले नाही, तर त्या रात्रीचे नाटक पडले. म्हणून माझे म्हणणे असे की इथल्या मंचावर गिटारची पातळी गिटारपासून ठरवायचीच नाही. नाटकातले सर्वांत हलके वाक्य घ्यायचे आणि त्यावरून मागे मोजत यायचे. मास्टर, लूप, पेडलांचा क्रम, अ‍ॅम्पची जागा या बाकीच्या सगळ्या गोष्टी मग त्या मापात बसवता येतात.

मंचावर नटांसाठी माइक वरून टांगलेले असतात. नट माइकपासून दोन-तीन फूट दूर, कधी त्याहूनही लांब. एवढ्या अंतरावरून त्याचा आवाज उचलायचा तर साउंडवाल्याला माइक चांगलाच उघडावा लागतो, आणि उघडा माइक नट कोण आणि गिटार कोण हे ओळखत नाही. अ‍ॅम्पचा आवाज त्यात शिरतो. साउंडवाला संवाद वाढवायला जातो तेव्हा गिटारही वाढते आणि अखेर शिट्टी वाजते. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारी उचल सुमारे ३ डेसिबलने घटते. एकाऐवजी चार माइक उघडे असतील तर ६ डेसिबल आधीच गेलेले असतात. त्यात अ‍ॅम्पने भर घातली तर संवादाला जागा उरत नाही.

आता अ‍ॅम्पची ताकद पाहू. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण एका वॉटवर, एक मीटर अंतरावर, ९७ ते १०० डेसिबल देतो. दोन माणसांचे साधे बोलणे त्याच अंतरावर ६० च्या आसपास असते, आणि आवाज फेकणारा कसलेला नटही एका वॉटच्या अ‍ॅम्पला गाठू शकत नाही. तरीही ‘शंभर वॉटचा अ‍ॅम्प आहे’ हे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. पन्नासवरून शंभर वॉटवर गेल्याने मिळतात फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. त्यामुळे लहान अ‍ॅम्प आणल्याने आवाजाचा प्रश्न आपोआप सुटत नाही. पाच वॉटचा वाल्व्ह अ‍ॅम्पही टांगत्या माइकाखाली पुरेसा उपद्रव करतो.

मग गिटारवाला आवाज कमी का करत नाही? त्याच्या बाजूने हे समजून घ्यायला हवे, कारण बहुतेक वेळा हा हट्ट नसतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाजाची पातळी बदलली की कानाला खर्ज आणि टीप वेगळ्या प्रमाणात ऐकू येतात. हळू आवाजात दोन्ही टोके मागे पडतात, मोठ्या आवाजात ती पुढे येतात. घरी रात्री हळू वाजवून बसवलेला सूर मंचावर मोठा केला की खालून घुमतो आणि वरून टोचतो. उलट मंचावर बसवलेला सूर हळू केला की निर्जीव वाटतो. शिवाय जुन्या बांधणीच्या अ‍ॅम्पमध्ये सुराचा खरा रंग पॉवर वाल्व्ह ताणले गेल्यावरच येतो. आवाज कमी केला की तो रंगच जातो. म्हणजे सूर आणि पातळी यांची फारकत कशी करायची हा खरा प्रश्न आहे. मास्टर व्हॉल्यूम, अ‍ॅटेन्युएटर, लूप, मॉडेलर हे सगळे त्याचेच कमी-अधिक यशस्वी तोडगे.

इफेक्ट्स लूप म्हणजे अ‍ॅम्पच्या मधोमध ठेवलेले दार. गिटारचा सिग्नल आधी प्रीअ‍ॅम्पमध्ये जातो. तिथे गेन, टोन आणि बहुतेक आधुनिक अ‍ॅम्पमध्ये डिस्टॉर्शनही होते. नंतर तो पॉवर अ‍ॅम्पमध्ये जाऊन स्पीकर हलवण्याइतका मोठा होतो. या दोघांच्या मध्ये ‘सेंड’मधून सिग्नल बाहेर काढायचा, पेडलांतून फिरवायचा आणि ‘रिटर्न’मधून परत आत सोडायचा. १९५९ च्या व्हॉक्स एसी-३० मध्ये, १९६२ च्या मार्शल जेटीएम-४५ मध्ये किंवा १९६३ च्या फेंडर ट्विन रिव्हर्बमध्ये हे दार नव्हते, कारण त्याची गरज पडत नव्हती. प्रीअ‍ॅम्पमध्येच भरपूर डिस्टॉर्शन करणारे अ‍ॅम्प आले आणि १९८० च्या आसपास, मेसा बूगीसारख्या अ‍ॅम्पांपासून, लूप रूढ होत गेला.

गरज का पडली ते ऐकून लगेच कळते. डिले पेडल अ‍ॅम्पच्या पुढे, म्हणजे इनपुटला लावले आणि प्रीअ‍ॅम्पमध्ये डिस्टॉर्शन असेल, तर मूळ सूर आणि त्याची प्रत दोन्ही एकत्र भरडले जातात. प्रत हळू व्हायला हवी ती होत नाही आणि सगळा चिखल होतो. तेच पेडल लूपमध्ये घेतले की आधी डिस्टॉर्शन पूर्ण होते, मग त्याच्या स्वच्छ प्रती एकामागून एक विरत जातात. रिव्हर्बचे तसेच, कोरससारख्या मॉड्युलेशनचेही बहुतेक तसेच. वाह, ओव्हरड्राइव्ह, कॉम्प्रेसर, ट्यूनर मात्र पुढेच बरे. हा क्रम नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा एकच विचारावे: माझ्या अ‍ॅम्पमध्ये सूर कुठे फाटतो? प्रीअ‍ॅम्पमध्ये फाटत असेल तर लूप कामाचा. पॉवर अ‍ॅम्पमध्ये फाटत असेल तर लूपमधला डिलेही शेवटी भरडलाच जातो. आणि कुठेच फाटत नसेल, जसे १९७५ पासून चालत आलेल्या रोलँड जॅझ कोरससारख्या स्वच्छ अ‍ॅम्पमध्ये, तर डिले पुढे लावला काय नि मागे लावला काय, फारसे बिघडत नाही. वाद्यवृंदांत स्वच्छ आवाजाचे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प भरपूर दिसतात. त्यांच्या वादकांनी लूप नाही म्हणून हळहळू नये.

लूपच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळा पातळीचा होतो. गिटारची पेडले ९ व्होल्टवर चालतात आणि गिटारच्या नाजूक सिग्नलसाठी बनवलेली असतात. रॅकमधली यंत्रे लाइन लेव्हलला चालतात. व्यावसायिक लाइन लेव्हल +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट, घरगुती उपकरणांची −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. काही अ‍ॅम्पचा सेंड गरम असतो, थेट लाइन लेव्हल ओततो. त्यात साधे पेडल लावले की ते तडतडते आणि वादक पेडलला दोष देतो. उलट थंड सेंडमध्ये रॅक लावला की सुरापेक्षा सूंऽऽ आवाज जास्त. अ‍ॅम्पच्या पाठीमागे पातळीचे बटण असेल तर आधी ते पाहावे. नसेल तर प्रीअ‍ॅम्पचा व्हॉल्यूम खाली आणि मास्टर वर घ्यावा. त्याने सेंडवरचा ताण कमी होतो, बाहेरचा आवाज तेवढाच राहतो.

लूप सिरीज की पॅरलल हेही पाहून घ्यावे. सिरीजमध्ये सगळा सिग्नल पेडलातून जातो. पॅरललमध्ये मूळ सूर आतून सरळ जातो आणि पेडलातून आलेला त्यात मिसळतो. पॅरललमध्ये पेडलचा मिक्स शंभर टक्के इफेक्टवर ठेवावा लागतो. तसे केले नाही तर मूळ सुराच्या दोन प्रती किंचित मागेपुढे होऊन एकमेकींना खातात आणि आवाज पोकळ येतो. पॅरलल लूपमध्ये व्हॉल्यूम पेडल लावून ते पूर्ण बंद केले तरी गिटार वाजतच राहते, तेही याच कारणाने.

व्हॉल्यूम पेडल हा झाडीपट्टीच्या मंचावर माझ्या मते सर्वांत मोलाचा तुकडा आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. तो अ‍ॅम्पच्या पुढे लावला तर गिटारची मूठ फिरवल्यासारखा चालतो; दाब कमी केला की डिस्टॉर्शन कमी होते, आवाज तितकासा कमी होत नाही. लूपमध्ये लावला तर सुराचा रंग तसाच ठेवून पातळी खाली येते. नाटकाला हेच हवे. पण लूपमध्येही तो डिलेच्या आधी की नंतर? आधी लावला तर पाय वर घेतल्यावरही डिलेचे शेपूट वाजत राहते. मैफलीत ते सुंदर वाटते. नाटकात गाणे संपता संपता नट बोलायला लागतो आणि ते शेपूट त्याच्या व्यंजनांवर येऊन बसते. ‘त’, ‘क’, ‘स’ झाकले गेले की शब्द कळत नाही, आवाज कितीही मोठा असला तरी. म्हणून संवादाच्या नाटकात व्हॉल्यूम पेडल डिले-रिव्हर्बच्या नंतर, लूपमध्ये सर्वांत शेवटी. नटाचा श्वास दिसला की टाच खाली.

सोलोसाठी आवाज उचलायचा तेव्हाही हाच विचार करावा. डिस्टॉर्शन असलेल्या अ‍ॅम्पच्या पुढे बूस्ट लावला तर सूर आणखी फाटतो, आवाज मात्र जेमतेम वाढतो, कारण प्रीअ‍ॅम्प आधीच भरलेला असतो. लूपमध्ये बूस्ट लावला तर आवाज खरोखर वाढतो. ३ ते ५ डेसिबल पुरतात. त्याहून जास्त वाढवायचे असेल तर ते साउंडवाल्याचे काम, आणि त्याने फेडरवर बोट ठेवून गिटारवाल्याकडे पाहिले तर बूस्टची गरजही पडत नाही.

लूप नसलेल्या किंवा पॉवर अ‍ॅम्पमध्ये फाटणाऱ्या अ‍ॅम्पचे काय? सरळ उपाय असा की अ‍ॅम्प कोरडा वाजवायचा, त्याच्यापुढे माइक ठेवायचा आणि डिले-रिव्हर्ब मिक्सरवर द्यायचा. उघड्या मैदानात भिंती नसतात, त्यामुळे सूर कोरडाच येतो आणि थोडा रिव्हर्ब लागतोच. पण तो संवादाच्या चॅनेलवर जाता कामा नये. स्पीकर आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये बसणारा अ‍ॅटेन्युएटरही याच जातीच्या अ‍ॅम्पसाठी उपयोगी: वाल्व्ह ताणलेले राहतात, स्पीकरला थोडीच ताकद पोचते. त्यात एक काळजी घ्यावी. वाल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर किंवा तसा भार जोडल्याशिवाय कधीही चालू करू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

चार केबलांची पद्धतही आता बरीच चालते. मल्टी-इफेक्टचा अर्धा भाग अ‍ॅम्पच्या पुढे, अर्धा लूपमध्ये, म्हणून गिटार ते यंत्र, यंत्र ते इनपुट, सेंड ते यंत्र, यंत्र ते रिटर्न अशा चार तारा. सूर उत्तम मिळतो. पण मंचावर तारा लांब होतात, आणि गिटारच्या केबलला दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धारिता असते. लांबी वाढली की वरचा तेजपणा जातो. वाटेत एक बफर असावा. शिवाय लूपच्या तारा वीजवाहक तारांशेजारून गेल्या की घरघर येते. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात.

एक बिघाड सविस्तर सांगतो, कारण धूळ, दव आणि ट्रकचा प्रवास यांच्या या पट्ट्यात तो फार होतो. अ‍ॅम्प मध्येच हळू होतो, मधूनच खरखरतो, कधी पूर्ण गप्प होतो, आणि टपली मारली की पुन्हा बोलतो. वाल्व्ह बदलले जातात, केबल बदलल्या जातात, फरक पडत नाही. अनेकदा दोष रिटर्नच्या सॉकेटमध्ये असतो. लूप वापरला नाही तेव्हा सेंडचा सिग्नल रिटर्नच्या आतल्या एका लहानशा पितळी पट्टीवरून पुढे जातो. ती पट्टी काळी पडली की वाट तुटते. तपासायला मिनिटही लागत नाही: सेंडमधून एक आखूड केबल घ्या आणि रिटर्नमध्ये घाला. आवाज परत आला तर आजार तोच. प्रयोगाच्या रात्री ती केबल तशीच ठेवून नाटक पार पाडता येते, पट्टी सावकाश साफ करावी. रिटर्नचा आणखी एक उपयोग आहे. प्रीअ‍ॅम्प मेला असेल तर मल्टी-इफेक्ट थेट रिटर्नला लावावा. पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर जिवंत असतील तर काम भागते.

अ‍ॅम्प ठेवायचा कुठे हे लूपइतकेच महत्त्वाचे. बारा इंची स्पीकर टीप सरळ रेषेत फेकतो. अ‍ॅम्प जमिनीवर आणि गिटारवाला त्याच्या पुढे उभा असेल तर त्याच्या गुडघ्यांना सगळी टीप मिळते, कानांना नाही. तो ट्रेबल वाढवतो आणि पुढच्या रांगेतल्या बायकापोरांचे कान किटतात. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा, कानाकडे तोंड करा. तो आपसूक कमी आवाजात पुरतो. त्याचे तोंड प्रेक्षकांकडे न ठेवता मंचाच्या बाजूने आडवे ठेवले, टांगत्या माइकांपासून दूर, तर साउंडवाला दुवा देईल. प्रेक्षकांना गिटार मिक्सरमधून मिळू द्यावी; जाळीजवळ एक साधा डायनॅमिक माइक, कोनच्या मध्यापासून जरा बाजूला, एवढ्यावर काम होते.

अ‍ॅम्पच आणू नये, मॉडेलर, म्हणजे अ‍ॅम्पच्या सुराची नक्कल करणारे यंत्र, थेट मिक्सरला द्यावा, असाही एक पक्ष आहे. झाडीपट्टीच्या मंचासाठी मी त्याच पक्षाचा. मंचावरचा आवाज जवळपास शून्य, टांगत्या माइकात काही शिरत नाही, ट्रकमध्ये जागा वाचते. गिटारवाल्याला मात्र मॉनिटर किंवा कानात इअरफोन द्यावा लागतो, आणि तिथेच काटकसर होते. स्वतःचा आवाज ऐकू न येणारा वादक जोरात वाजवतो. त्याला मॉनिटर नाकारून अ‍ॅम्पही नाकारणे अन्यायाचे आहे.

विजेकडे पातळीइतकेच लक्ष हवे. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात अर्थिंग नसले की अ‍ॅम्प आणि मिक्सर यांच्यात ५० हर्ट्झची घरघर येते आणि कोणीतरी प्लगची अर्थ पिन काढायला सुचवतो. ते करू नये. गिटारच्या तारांवर बोटे आणि माइकला ओठ अशा स्थितीत गायक-वादक दोन वेगळ्या यंत्रांमधला दुवा होतो, आणि २३० व्होल्टचा झटका जीवघेणा ठरू शकतो. घरघर घालवायला ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स आणि त्यावरचे ग्राउंड-लिफ्ट बटण आहे. ते सिग्नलच्या ग्राउंडची वाट तोडते, सुरक्षिततेच्या अर्थिंगची नाही. माइकच्या जाळीला टेस्टर लावून पाहायची सवय प्रत्येक साउंडवाल्याने ठेवावी.

आता मंडपाबाहेर, जंगलाकडे; मंचावरचा आवाज तिथेही पोचतो. नागझिरा अभयारण्य १९७० चे; २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. व्यंकटेश माडगूळकरांनी या रानावर पुस्तक लिहिले, किरण पुरंदरे यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिले. हे रान डोळ्यांइतकेच कानांनी वाचायचे आहे हे त्या पुस्तकांच्या वाचकांना ठाऊक आहे. गोंदियाची हिवाळी रात्र विदर्भातल्या सर्वांत थंड रात्रींपैकी असते, आणि निरभ्र थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते. अशा वेळी वर जाणारा आवाज पुन्हा खाली वाकतो आणि दिवसा जेवढा जातो त्याच्या कितीतरी पुढे पोचतो. साधा हिशेब असा: उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. मंचापुढे एक मीटरवर ११० डेसिबल असेल तर एक किलोमीटरवर ५० उरतो. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्रीची मर्यादा ४५ आहे. याच नियमांनुसार उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावे लागतात. राज्य सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. रात्रभर चालणारी परंपरा आणि हा नियम यांचा मेळ कसा घालायचा हे आयोजक, पोलीस आणि वनखाते यांनी बसून ठरवायला हवे. पण आवाजाची पातळी खाली ठेवणे आजच, कुणाची वाट न पाहता, वादकांच्या हातात आहे.

आणि त्यात गिटारवाल्याचा वाटा लहान नाही. हवा आणि झाडी टीप शोषतात. लांब पोचतो तो खर्ज. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची. मिक्सरवर गिटारच्या चॅनेलला १०० हर्ट्झच्या खाली कट दिला तर मंडपात कुणाला उणीव जाणवत नाही, ढोलकी आणि की-बोर्डचा खर्ज मोकळा होतो, रानाकडे जाणारी गुरगुर घटते. कर्णे आणि बॉक्स गावाकडे तोंड करून, थोडे खाली कलवून लावावेत. मंचाजवळ दोन प्रचंड भिंती उभ्या करण्यापेक्षा निम्म्या मैदानात आणखी दोन लहान बॉक्स ठेवले तर मागची रांग हळू आवाजातही सुखाने ऐकते. त्यांना मात्र उशीर द्यावा लागतो: १० अंशांच्या थंडीत आवाजाचा वेग सेकंदाला ३३७ मीटर, म्हणजे ३४ मीटरवरच्या बॉक्सला सुमारे १०० मिलिसेकंद. होळीच्या उबदार रात्री त्यात दोन-तीन मिलिसेकंदांचा फरक पडतो. तो कानाला कळत नाही, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला एकदा मोजलेला आकडा शेवटच्या प्रयोगापर्यंत चालतो.